पोपट, पीक आणि परवाना

ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या कानांवर एक ओळखीचा कलकलाट पडूं लागतो. दिवस कासराभर वर येतो न येतो तोंच हिरव्या पोपटांचा थवा कणसांवर उतरतो, चार दाणे खातो, दहा खालीं पाडतो, आणि माळ्यावरून आरोळी उठतांच शेजारच्या वावरांत जाऊन बसतो. पेरू, डाळिंब, मका व सूर्यफूल लावणाऱ्यांचा अनुभवही याहून निराळा नाहीं. अशा वेळीं संतापलेल्या शेतकऱ्याच्या तोंडून "या पांखराला कायद्याचें कवच कशाला?" असा प्रश्न निघाला तर त्यांत नवल नाहीं.

दुसरा एक प्रश्न अलीकडे तरुण मंडळींकडून वारंवार येतो. कोंबड्या आणि शेळ्या यांच्या जोडीला परदेशी पोपट पाळून त्यांचीं पिल्लें विकण्याचा जोडधंदा कांहींजण करूं पाहतात. एका आफ्रिकी करड्या पोपटाच्या जोडीला एखाद्या दुभत्या जनावरापेक्षां अधिक पैसे पडतात. एवढा पैसा घालण्यापूर्वीं कोणते कागद पाहावे, हें त्यांस कळत नाहीं. आणि विकणारा तें सांगत नाहीं.

हे दोन प्रश्न वरवर भिन्न दिसले तरी त्यांचें मूळ एकच आहे. पोपटाची जात व त्या पोपटाला लागू असणारा कायदा यांची नीट ओळख आपणांस नाहीं. ती करून द्यावी, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

एका नाहींशा झालेल्या पोपटाची हकीकत

प्रथम एक परदेशची गोष्ट सांगतो, कारण ती शेतकऱ्यांचीच आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागांत कॅरोलायना पोपट या नांवाची एक जात होती. अंग हिरवें, डोकें पिवळें, आणि शेकड्यांनीं थवे. जंगलें तोडून तेथें फळबागा व शेतें झालीं, तेव्हां हे पोपट सफरचंदांवर व धान्यावर पडूं लागले. बागवाल्यांनीं बंदुका उचलल्या. या पांखराला एक वाईट खोड होती. वाईट म्हणजे त्याच्या स्वतःच्या जिवाला वाईट. थव्यांतील एखादें जखमी होऊन पडलें कीं बाकीचीं उडून न जातां त्याच्याभोंवतीं घिरट्या घालीत परत येत. त्यामुळें एका जागीं उभ्या असलेल्या माणसाला सबंध थवा गारद करतां येई. त्यांत टोप्यांना पिसें लावण्याची हौस, पिंजऱ्यासाठीं धरपकड आणि जुन्या पोकळ झाडांची तोड यांची भर पडली. या जातीचा पिंजऱ्यांतील शेवटचा पोपट १९१८ सालीं सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत मेला. त्या बागवाल्यांपैकीं एकालाही ही जात पृथ्वीवरून नाहींशी करावयाची नव्हती. प्रत्येकानें आपापली बाग तेवढी राखली. पण सर्वांचा हिशेब एकत्र झाला तेव्हां बाकी शून्य राहिली.

ब्राझील देशांतील स्पिक्स मकाव या निळ्या पोपटाची कथा याच्या पुढची आहे. त्याचें रान मुळांतच थोडें. त्यांत पिंजऱ्याच्या व्यापाऱ्यांनीं हात घातला. जसजसा तो दुर्मिळ झाला तसतशी त्याची किंमत चढली, आणि किंमत चढली म्हणून उरलेलेही धरले गेले. मोकळ्या रानांत राहिलेला एकुलता एक नर २००० सालीं दिसेनासा झाला. पुढें परदेशांत पिंजऱ्यांत वाढलेल्या ५२ पक्ष्यांस २०२० सालीं जर्मनींतून ब्राझीलला नेलें, आणि २०२२ सालीं त्यांपैकीं कांहीं पुन्हां रानांत सोडण्यांत आले. जें झाडाच्या ढोलींत फुकट वाढत होतें, तें परत मिळविण्यास अशी समुद्रापलीकडून यातायात करावी लागली.

आपल्या देशाचा कायदा

आतां आपल्या घरीं येऊं. महाराष्ट्रांत सर्वत्र दिसणारा तो साधा पोपट, ज्याला आपण राघू म्हणतों आणि ज्याच्या नराच्या गळ्याभोंवतीं काळा-गुलाबी कंठ असतो. त्याच्याहून बराच मोठा, जाड लाल चोंचीचा आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला तो पहाडी पोपट. जांभळट तांबूस डोक्याचा लहान पोपट आणि सह्याद्रीच्या रानांतील निळसर पंखांचा मलबारी पोपट हेही आपल्याच भूमीचे. यांपैकीं साधा राघू अद्याप विपुल आहे. पहाडी पोपटाची स्थिति मात्र तशी नाहीं. जागतिक यादींत त्याची गणना धोक्याच्या उंबरठ्यावर आलेल्या जातींत होते, आणि बोलका म्हणून त्याच्या पिल्लांना मोठी मागणी असणें हें त्याचें एक प्रमुख कारण आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम हा १९७२ सालीं झाला. त्यानंतरही कांहीं वर्षें परवान्यानें पक्ष्यांचा व्यापार चालत असे, व भारतांतून पोपट परदेशीं जात असत. १९९१ च्या दुरुस्तीनें आपल्या देशांतील रानटी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. २०२२ सालीं या अधिनियमांत मोठी दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. तीप्रमाणें आपला राघू दुसऱ्या अनुसूचींत आहे.

याचा व्यवहारांतील अर्थ काय, तो स्पष्ट सांगतो. देशी पोपट धरणें, विकणें, विकत घेणें किंवा पिंजऱ्यांत बाळगणें हा गुन्हा आहे. कायद्याच्या भाषेंत "शिकार" या शब्दाचा अर्थ केवळ बंदूक मारणें एवढाच नव्हे. फांसा लावणें, जाळें टाकून धरणें, अंडीं फोडणें, घरट्याला हात लावणें हें सर्व त्यांत येतें. सामान्यतः या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद, अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि पहिल्या अनुसूचींतील प्राण्याविषयीं अपराध असेल तर कैद किमान तीन वर्षांची आहे. "आमच्या आजोबांच्या वेळेपासून घरांत पोपट आहे, तो विठू विठू बोलतो, त्याला आम्ही पेरू घालतों," ही सबब न्यायालयांत चालत नाहीं. रानांतील प्राणी हा सरकारची मालमत्ता आहे, असेंच कायदा धरून चालतो. चिठ्ठी काढणाऱ्या ज्योतिष्याच्या पोपटासही हाच नियम लागू आहे.

ही गोष्ट कित्येक सभ्य घरांस ठाऊक नाहीं. बाजारांत उघड्यावर पिंजरे टांगलेले दिसतात, म्हणून तो व्यवहार कायदेशीर असलाच पाहिजे असें लोक समजतात. वास्तविक त्या पिंजऱ्यांतील पिल्लें माघ-फाल्गुनाच्या सुमारास कोणाच्या तरी बांधावरील झाडाच्या ढोलींतून काढलेलीं असतात. कित्येकांचे डोळेही उघडलेले नसतात, आणि त्यांपैकीं अनेक बाजार पाहण्यापूर्वींच टोपलींत मरतात.

देशादेशांमधील करार

एका देशानें कितीही कडक कायदा केला, तरी दुसऱ्या देशांत माल खपत असेल तोंवर चोरी थांबत नाहीं. याकरितां वॉशिंग्टन येथें १९७३ सालीं अनेक राष्ट्रांनीं एक करार केला. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास साइट्स म्हणतात. तो १९७५ सालीं अमलांत आला आणि भारत १९७६ सालीं त्यांत सामील झाला. आज १८० हून अधिक राष्ट्रें त्यास बांधलेलीं आहेत.

या कराराचीं तीन परिशिष्टें आहेत. पहिल्यांत नष्ट होण्याच्या भीतींत असलेल्या जाती येतात. रानांतून धरलेल्या अशा प्राण्यांचा धंद्यासाठीं व्यापार पूर्ण बंद आहे. दुसऱ्या परिशिष्टांतील जाती आज तितक्या संकटांत नाहींत. परंतु व्यापारावर लगाम न ठेवल्यास त्याही तेथें जातील अशी भीति असते. तिसऱ्यांत, एखाद्या राष्ट्रानें आपल्या जातीच्या रक्षणासाठीं इतरांची मदत मागितली असेल तर तिचें नांव घातलें जातें.

१९८१ सालीं या करारांतील राष्ट्रांची तिसरी परिषद आपल्या नवी दिल्लींतच भरली होती. त्या परिषदेंत पोपटांच्या सबंध कुळाला दुसऱ्या परिशिष्टांत घालण्याचा महत्त्वाचा निर्णय झाला; ज्या जाती अगोदरच पहिल्यांत होत्या त्या तेथेंच राहिल्या. आज या नियमास चारच अपवाद आहेत: बजरीगर, कॉकाटील, पीच रंगाच्या तोंडाचा लव्हबर्ड आणि चौथा आपला साधा राघू.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें, कारण नेमका याच ठिकाणीं अनेकांचा घोटाळा होतो. राघू साइट्सच्या यादींत नाहीं, म्हणून तो पाळण्यास मोकळा आहे, असें कांहीं विक्रेते सांगतात. हें साफ खोटें आहे. साइट्सचा करार देशादेशांतील व्यापारापुरता आहे. देशाच्या आंत काय चालावें हें त्या त्या देशाचा कायदा ठरवितो, आणि आपल्या कायद्यानें राघूला संरक्षण दिलें आहे. उलट ऑस्ट्रेलियाचा बजरीगर हा आपल्या रानचा नव्हे आणि साइट्सच्या यादींतही नाहीं; म्हणून तो पाळण्यास यांपैकीं कोणत्याच परवान्याची आडकाठी नाहीं. एकाच पिंजऱ्यांत शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन हिरव्या पांखरांपैकीं एक घरची शोभा आणि दुसरें फौजदारी खटला, असा हा प्रकार आहे.

परवाना कसा मिळतो

दुसऱ्या परिशिष्टांतील पोपट एका देशांतून दुसऱ्या देशांत न्यावयाचा तर निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो. तो देण्यापूर्वीं त्या देशाच्या शास्त्रीय अधिकाऱ्यानें असा अभिप्राय द्यावा लागतो कीं, या निर्यातीनें रानांतील त्या जातीस अपाय होणार नाहीं. शिवाय तो पक्षी कायदेशीर मार्गानें मिळाला आहे आणि वाटेंत त्याचे हाल होणार नाहींत, अशी खात्री व्हावी लागते. पहिल्या परिशिष्टांतील पक्ष्यासाठीं दोन परवाने पाहिजेत. आधीं आयात करणाऱ्या देशानें परवाना द्यावयाचा, आणि तो पाहूनच निर्यात करणाऱ्या देशानें आपला द्यावयाचा. यांतून एक वाट ठेवलेली आहे. नोंदलेल्या प्रजननगृहांत पिंजऱ्यांतल्याच आईबापांपासून झालेल्या पिल्लांचा व्यापार दुसऱ्या परिशिष्टाच्या नियमानें करतां येतो. निर्यातीचा परवाना अधिकांत अधिक सहा महिने चालतो आणि तो त्या एकाच खेपेपुरता असतो. एका जुन्या कागदावर वर्षानुवर्षें माल आणला जात असेल, तर तो कागद खोटा समजावा.

एवढ्यावर भागत नाहीं. भारतांत असा जिवंत पक्षी आणावयाचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना आणि पशुरोगांच्या दृष्टीनें विलग ठेवून केलेली तपासणी हीं आवश्यक असतात. कोंबड्यांवर येणाऱ्या बर्ड फ्ल्यूनें आमच्या कुक्कुटपालक बंधूंची केवढी हानि केली हें लक्षांत घेतां, या तपासणीस कोणीही निरर्थक म्हणणार नाहीं.

आफ्रिकी करड्या पोपटाचा धडा

ज्या पक्ष्याच्या जोडीला एवढा भाव येतो, त्या आफ्रिकी करड्या पोपटाचीच हकीकत पाहूं. माणसाच्या बोलाची हुबेहूब नक्कल करण्यांत त्याचा हात धरणारा दुसरा पक्षी क्वचितच असेल. तोच त्याला शाप ठरला. दुसऱ्या परिशिष्टाच्या परवान्यांवर कांहीं दशकांत बारा लाखांहून अधिक रानटी करडे पोपट आफ्रिकेंतून कायदेशीर रीत्या बाहेर गेले. चोरून नेलेले आणि वाटेंत मेलेले यांत धरलेले नाहींत. घाना देशांत तर १९९२ पासून त्यांची संख्या शेंकडा ९० ते ९९ नें घटल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. शेवटीं त्याच सालीं जोहान्सबर्ग येथील परिषदेंत हा पोपट पहिल्या परिशिष्टांत घालण्यांत आला, आणि जानेवारी २०१७ पासून तो निर्णय लागू झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. परवाना म्हणजे संरक्षण नव्हे. मोजमाप न करतां दिलेला परवाना हा लुटीचा शिक्का होऊं शकतो. बियाणें न ठेवतां सगळेंच धान्य विकून टाकणाऱ्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच या व्यापाराची झाली.

जोडधंदा करणाऱ्यांस सूचना

२०२२ च्या दुरुस्तीनें साइट्सच्या यादींतील प्राण्यांसाठीं आपल्या अधिनियमांत चौथी अनुसूची घातली गेली. तिच्यांतील जिवंत प्राणी ज्याच्याजवळ असेल त्यानें नोंद केलीच पाहिजे. यासाठीं केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें नियम केले. पूर्वींपासून जवळ असलेल्या प्राण्यांची नोंद सहा महिन्यांत करावयाची होती. पुढें मिळालेल्या प्राण्याची नोंद तीस दिवसांच्या आंत करावयाची असते. नोंदणी सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावरून होते. त्या पक्ष्यास पिल्लें झालीं, तो मेला किंवा दुसऱ्यास दिला, तर तेंही कळवावें लागतें. पहिल्या परिशिष्टांतील जातीचें प्रजनन करावयाचें असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. करडा पोपट त्यांतच येतो, हें विसरूं नये.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं विक्रेत्यास पुढील गोष्टी विचाराव्या. हा पक्षी तुमच्या नांवें नोंदलेला आहे काय, आणि तें प्रमाणपत्र कोठें आहे? परदेशांतून आणला असेल तर त्याचे परवाने कोठें आहेत? येथेंच जन्मला असेल तर त्याच्या आईबापांची नोंद दाखवा. पायांत अखंड कडें आहे काय? हें कडें पिल्लूं थोड्या दिवसांचें असतांनाच घालतां येतें. पाय मोठा झाल्यावर न कापतां तें चढत नाहीं. अर्थात् अखंड कडें हा पिंजऱ्यांतील जन्माचा एक चांगला पुरावा होय. मात्र तेवढ्यावर विसंबूं नये. लव्हबर्ड या एका नांवाखालीं अनेक जाती विकल्या जातात, आणि वर सांगितल्याप्रमाणें त्यांतील एकच जात करारांतून मोकळी आहे. तेव्हां पावतीवर जातीचें पूर्ण नांव लिहून घ्यावें. "कागद मागाहून देतों" असें जो म्हणेल, त्याच्याकडून बैलही घेऊं नये, मग पोपट कशाला?

ज्यांस हौस आहे आणि भांडवल थोडें आहे, त्यांनीं बजरीगर व कॉकाटील यांपासून आरंभ करावा, असें आम्ही सुचवितों. नफा कमी, पण झोंप निर्धास्त.

पिकाचें काय?

आतां मूळच्या तक्रारीकडे वळूं. पोपट शेतकऱ्याचा मित्र आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. तो दाणे आणि फळें खातो, व खातो त्याहून अधिक नासतो. हें शहरांतल्या पक्षिप्रेमी सद्गृहस्थांनींही मान्य केलें पाहिजे. परंतु कायद्यानें शेतकऱ्याचे हात अगदींच बांधलेले नाहींत. पांखरें हुसकणें म्हणजे शिकार नव्हे. माळ्यावरची राखण, डबे, बुजगावणें, वाऱ्यानें फडफडणाऱ्या चकाकत्या फिती यांस कोणाचीही हरकत नाहीं. गोफण फिरवावी ती आवाजासाठीं. दगड थव्यावर नेमून मारूं नये. डाळिंब व पेरू यांच्या फळांस पिशव्या बांधणें आणि थोड्या क्षेत्रास जाळी टाकणें हे खात्रीचे उपाय होत. जाळी ताणून बसवावी, म्हणजे पांखरें तींत अडकून मरत नाहींत. एकच युक्ति रोज केली तर पोपट चार दिवसांत सरावतो. म्हणून उपाय पालटीत राहावें. शेजारच्या शेतकऱ्यांनीं पेरणी एका सुमारास केल्यास सगळा थवा एकाच वावरावर पडत नाहीं, हेंही अनुभवाचें आहे.

दुसऱ्या अनुसूचींतील प्राणी उभ्या पिकास घातक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी लेखी हुकुमानें योग्य ती परवानगी देऊं शकतो, अशी तरतूदही अधिनियमांत आहे. तेव्हां विष घालून किंवा फांसे लावून गुन्हेगार होण्यापेक्षां, नुकसानीचे फोटो काढून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे ताबडतोब अर्ज करावा आणि पोंच घ्यावी. रानडुक्कर, हरिण, रानगवा, नीलगाय यांनीं केलेल्या पीकनुकसानीची भरपाई देण्याची व्यवस्था महाराष्ट्रांत आहे. पोपटानें केलेल्या नुकसानीचाही त्याच न्यायानें विचार व्हावा, हें आमचें स्पष्ट मत आहे. जो पक्षी सरकारची मालमत्ता, त्याच्या पोषणाचा सबंध भार एकट्या शेतकऱ्यावर पडणें योग्य नव्हे. मात्र अशी मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत. एका हातानें भरपाईचा अर्ज आणि दुसऱ्या हातानें पिल्लें काढणाऱ्यास बांधावर वाट, हें शोभत नाहीं.

ढोलीचें झाड

शेवटीं एक विनंति. पोपट स्वतः झाड पोखरून घर करीत नाहीं म्हटलें तरी चालेल. तो बहुधा जुनी ढोली शोधतो व तीच थोडी मोठी करतो. बांधावरचा जुना आंबा, चिंच, वड किंवा पिंपळ हेंच त्याचें घर. पिल्लें काढणारे लोक कुऱ्हाडीनें ढोलीचें तोंड फोडतात, आणि मग ती कायमची निकामी होते. त्याच ढोलींत पुढें उंदीर व किडे मारणारा पिंगळा राहणार असतो. नांगरामागें अळ्या टिपीत चालणारी साळुंकी राहणार असते. म्हणजे दोनशें रुपयांच्या मोहानें कोणी पोपटाचें पिल्लूं नेलें, तर त्याबरोबर आपले राखणदारही जातात. म्हणून बांधावर शिडी व टोपली घेऊन फिरणारा अनोळखी माणूस दिसला, तर त्याला हटकणें आणि वनरक्षकास कळविणें हें आपलें काम आहे.

आमची इच्छा इतकीच आहे कीं, पोपटाशीं आपला झगडा चालला तरी तो पिकापुरता चालावा. आपल्या नातवंडांनींही हुरड्याच्या दिवसांत त्याच्यावर ओरडावें. अमेरिकेंतील त्या बागवाल्यांच्या नातवंडांना ओरडण्यास कोणी उरलें नाहीं.